गच्चीवरचा राब

सोनाबाईची सून सुंदरा, सुंदराची सून विमलबाई, आणि विमलबाईच्या पोटची मी, पार्वती. कडावच्या आमच्या घरात वंश असा बायकांवरून सांगितला जातो; पुरुषांची नावे जमिनीच्या कागदांवर असतात आणि तेवढा मान त्यांना पुरेसा आहे. या तिघींनी बी राखले, घर राखले आणि त्यांच्याबरोबर एक देणेही राखले. नव्या सुनेच्या कमरेला किल्ल्या लावण्याआधी सासू तिला धान्याच्या कोठीत नेऊन ते देणे ऐकवी. मला भाऊ नव्हता, म्हणून आईला सून येणार नव्हती. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या मे महिन्यात, मी एम.एस्सी.साठी मुंबईला निघाले त्या सकाळी, आईने मलाच कोठीत बोलावले आणि दार लोटून घेतले. “घरात दुसरं कोण हाय ऐकाया?” ती म्हणाली. “तू शिकलीस, लांब चाललीस, पर हे संगट घेऊन जा.” मग तिने, मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली गोष्ट, प्रथमच सलग सांगितली.

भाताची रोपे ज्या तुकड्यात करायची तिथे आमच्याकडे पेरणीआधी राब भाजतात. शेण, पाला, गवत आणि वर चाळलेली माती असे थर द्यायचे आणि ते धुमसत जाळायचे. त्या भाजलेल्या मातीत रोप जोमाने उठते. राब लावायचा तो पहाटे, वारा पडलेला असताना, आणि काडी ओढण्यापूर्वी चारी दिशांना हाक द्यायची, की राब लागतो आहे, आपापल्या गंजी आणि गुरे सांभाळा. पणजी सोनाबाईचे एका वर्षी डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीशी बोलणे बंद होते. ऐनाच्या फांद्या कोणी तोडल्या यावरून ते मोडले होते. उशीर झाला म्हणून तिने दुपारी राब लावला. तीन दिशांना हाक दिली, चौथ्या दिशेला दिली नाही, आणि वारा चौथ्याच दिशेला गेला. माणूस कोणी दगावले नाही. पण वाडीतल्या चिमाची झोपडी जळाली, आणि तिच्यात सगळ्या वाडीचे राखलेले पाच पायल्या बी जळाले. ते त्यांचे स्वतःचे डोंगरी भात होते, काळ्या कुसळाचे, म्हणून त्याला काळकुसळी म्हणत. वाडीच्या देवाला नव्याच्या पुनवेला त्याच भाताचा नैवेद्य चाले. सोनाबाईने घरातले उत्तम बी टोपलीभर पाठवले. चिमाने टोपली तशीच परत पाठवली आणि निरोप दिला, की जळाले तेच आणून द्यावे, देव दुसरे खात नाही. त्या वर्षापासून आमच्या घरच्या बायका पुनवेला नवे तांदूळ खात नाहीत. वाडीने खाल्ल्यावाचून आपण खायचे नाही, असे सोनाबाईने ठरवले आणि तशीच गेली. आजी सुंदरा माथेरानच्या पायथ्यापासून खालापूरच्या पलीकडपर्यंत वाड्यावाड्यांतून ते भात शोधत हिंडली. तिला ते कुठेच मिळाले नाही. आई शोधत नसे; ती फक्त पुनवेला नाचणीची भाकरी खाई आणि कोणाशी बोलत नसे.

मुंबईतल्या माझ्या तिसऱ्या दिवशी ते देणे एका काचेच्या बाटलीतून माझ्याकडे पाहत होते. ही गोष्ट त्या क्षणी खरी वाटली नव्हती, आणि खरे सांगायचे तर पहिले दोन दिवसही मला खरे वाटले नव्हते. वसतिगृह सुटीमुळे रिकामे होते. युद्धाचे दिवस, त्यामुळे खिडक्यांच्या काचांना काळा कागद डकवलेला; सकाळ होई ती कागदाच्या फाटक्या कडेतून, एका बारीक रेघेसारखी. कडावला वारा कर्जतकडून असला की घाटासाठी जादा इंजिन जोडताना होणाऱ्या शिट्ट्या ऐकू येत, आणि त्यांवरून आम्ही उठत, चूल पेटवत, गाई सोडत असू. इथे शिट्ट्या चहूकडून येत, गिरण्यांचे भोंगे त्यांत मिसळत, आणि वेळ दावे सुटलेल्या वासरासारखी कुठेही भरकटे. मी दुपारी तीनला जेवायला बसले आणि पहाट समजून संध्याकाळी स्नान केले. खोलीत समुद्राचा वास येई, खाली रस्त्यावर ट्राम किणकिणे, आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक वास होता, जळक्या कापसाचा आणि रॉकेलचा. एप्रिलमध्ये गोदीत दारूगोळ्याचे जहाज फुटून आकाशातून आग बरसली होती, त्याला सहा आठवडे झाले होते. माणसे चालता चालता थबकत आणि उगाच वर आकाशाकडे पाहत. मला वाटले, या गावाची रीतच अशी असेल. मीही वर पाहू लागले.

आमचे प्राध्यापक सुखटणकर हे कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. भाताच्या कामासाठी त्यांनी मला सत्र सुरू होण्याआधीच बोलावले होते. संस्थेच्या बीजकोठारात ओळीने दोनशेच्या वर बाटल्या होत्या. कोणा अधिकाऱ्याने आठ वर्षांपूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा केलेली वाणे. तो अधिकारी वारला होता आणि नंतर कोणी ती पेरली नव्हती. प्रत्येक बाटलीतले दहा दाणे ओल्या टिपकागदावर ठेवायचे, मोड आले तर बाटली राखायची, न आले तर दाणे टाकून बाटली धुवायची. काचेची टंचाई होती. मी चाळीसावी बाटली उचलली. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिले होते, काळकुसळी, कर्जतचा पायथा. आत एकतीस दाणे होते, टोकाला काळ्या केसासारखी कुसळे, काही मोडलेली. कानांत पाणी गेल्यावर होते तसे सगळे आवाज लांब गेले. समोर सुंदरा आजी उभी राहिली, पायांत चपला नसलेली, पोटऱ्यांवर करवंदीचे ओरखडे, आणि मागून आईने तिला विचारले, मिळालं का. आजी नेहमीसारखी उंबऱ्यावर बसून पाय पुसू लागली. ज्यासाठी ती आयुष्यभर चालली ते या थंड खोलीत कपाटात बसले होते, आणि ती ज्या गावाला कधी आली नव्हती तिथे मी होते.

दहा दाणे मी टिपकागदावर ठेवले. चौथ्या दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी आली, सहाव्या दिवशी ते दाबले की पाणी सुटू लागले. एकही मोड नव्हता. प्राध्यापकांनी काचेच्या बशीत डोकावून पाहिले आणि वहीत एक आडवी रेघ ओढली. मेलेले बी आहे ते, मिस बडेकर, बाटली धुऊन ठेवा, असे म्हणून ते पुढच्या बशीकडे गेले. मी बाटली धुतली. एकवीस दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि वसतिगृहात आले. त्या रात्री झोप आणि जाग यांच्यामध्ये मी कडावच्या शेताच्या बांधावर चालत होते. वैशाखातली पहाट होती. राब धुमसत होता, धूर जमिनीला धरून सरकत होता, आणि आई त्या धुरातून गुडघ्याएवढीच दिसत होती, वरचे अंग नाहीसे झालेले. तेव्हा मला उमगले की टिपकागदावर माणसांनी भात कधी उगवलेच नाही. त्याला भाजलेली माती लागते, धुराचा वास लागतो, मगच ते जागे होते. हे मी पुस्तकात वाचले नव्हते. ते माझ्या नाकाला ठाऊक होते.

संस्थेच्या गच्चीची किल्ली पोपटकडे असे. पोपट हा प्रयोगशाळेचा शिपाई, पन्नाशीचा, खालापूरचा. मी कडावची म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्याने हातातला झाडू खाली ठेवून, कुणाच्या तुमी, अशी माझी चौकशी आजोळापर्यंत केली होती. रविवारी तो दुपारी एकपर्यंत असे. त्या आठवड्यातल्या रविवारी मी त्याच्याकडून किल्ली घेतली, गल्लीतल्या गोठ्यातून शेण आणले, बागेतला वाळका पाला गोळा केला आणि कुंड्यांची माती चाळली. लोखंडी पत्र्याच्या चौकटीत थर दिले. हात आपोआप चालत होते आणि मन बारा वर्षांमागे होते, जेव्हा आईने मला प्रथम थर द्यायला शिकवले आणि माझे शेणाचे हात पाहून हसली होती. साडेबारा झाले होते. काडी ओढण्याआधी माझ्या गळ्यापर्यंत हाक आली. समोर चाळ होती, चार मजले, वाळत घातलेली लुगडी, सज्जांत बसलेली माणसे. वसतिगृहाच्या व्यवस्थापिका बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, की मुलींनी खिडकीतून, गच्चीतून हाका मारू नयेत, हे खेडे नव्हे. मला लाज वाटली. पदवीधर मुलगी गच्चीत उभी राहून ओरडते आहे, हे चित्र मी त्या लोकांच्या डोळ्यांनी पाहिले आणि हाक गिळली. काडी ओढली. पाला ओलसर होता. धूर प्रथम पांढरा निघाला, मग पिवळट, दाट, आणि कठड्यावरून वळून, समुद्राकडून उठलेल्या वाऱ्याबरोबर, सरळ चाळीत शिरला.

त्यानंतरचे मी जसे पाहिले तसे ते आजही डोळ्यांसमोर आहे, आवाजाशिवाय. सज्जातली माणसे एकाच वेळी उभी राहिली. सगळ्यांनी प्रथम आकाशाकडे पाहिले. मग जिन्यांवरून रंगीत पाणी ओतावे तसे लोक खाली वाहू लागले, हातांत मुले, ट्रंका, देव. कोणी तरी थाळी बडवत होते. एक म्हातारी नातवाला छातीशी धरून उतरताना शेवटच्या पायऱ्यांवर कोसळली आणि नातू वर, ती खाली, अशी पडली. तेव्हा कुठे माझ्या कानांत आवाज परतला, आणि तो बंबाच्या घंटेचा होता. पोपट धावत वर आला. त्याने पाण्याची बादली उचलली, राबाकडे पाहिले, तो धुमसून वरवर भाजून झालेला पाहून बादली खाली ठेवली, आणि कठड्यापलीकडचा गोंधळ पाहून माझ्याकडे वळला.

“ताई,” तो अगदी हळू म्हणाला, “हाक नाय दिली?”

मला त्या क्षणी सोनाबाई दिसली, जिला मी कधी पाहिले नव्हते. ती दुपारच्या उन्हात उभी होती आणि तिचा चेहरा माझा होता. चार पिढ्या आम्ही एक चूक फेडत आलो, आणि फेडायला निघालेल्या मीच ती पुन्हा केली. तिने रागाने, मी लाजेने.

प्राध्यापकांनी दुसऱ्या दिवशी बोलावले. त्यांनी आवाज चढवला नाही. शहराची अवस्था काय आहे, संस्थेला उत्तर कोणाकोणाला द्यावे लागले, हे सांगून ते म्हणाले, की मी एक क्षमापत्र लिहावे, त्यात खेड्यातल्या अडाणी रूढीमुळे हे घडले असे कबूल करावे, नाही तर माझी जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. समोर कागद आणि दौत ठेवली. मी पत्र लिहिले. धूर माझ्यामुळे झाला, घबराट माझ्यामुळे झाली, राब लावण्याआधी हाक देण्याची आमची रीत मी मोडली आणि तो अपराध माझा एकटीचा आहे, असे लिहिले. रूढीविषयी एक अक्षर लिहिले नाही. त्यांनी पत्र वाचले, चष्मा पुसला आणि मी मागितले ते हे नव्हे, असे म्हणाले.

“सर, राब अडाणी नाही,” मी म्हटले. “मी अडाणीपणा केला.”

त्यांनी पत्राची घडी करून ते खणात ठेवले. माझ्या जागेचा निर्णय ते पंधरा दिवसांनी कळवणार होते. तोवर प्रयोगशाळेत पाऊल टाकायचे नाही. मी जाता जाता एवढेच मागितले, की गच्चीवरची चौकट तशीच राहू द्यावी. त्यांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पोपटने मात्र दर संध्याकाळी तिच्यावर एक तांब्या शिंपडायचे कबूल केले. एकवीस दाणे मी रविवारीच, माती निवल्यावर, त्या भाजलेल्या मातीत पेरले होते.

मग मी चाळीत गेले. पडलेल्या म्हातारीचे नाव कोंडीबाई. तिचे उजवे मनगट मोडले होते आणि फळीला बांधून गळ्यात अडकवले होते. नातू जमिनीवर भोवरा फिरवत होता. एप्रिलमध्ये तिचा लेक गोदीत कामाला गेला होता. परत आली ती त्याची फक्त एक वहाण. हे तिने नाही, शेजारणीने सांगितले, दारातच, मला नीट पाहता यावे म्हणून पदर सावरून. कोंडीबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली,

“आलीस का गं, धूर करणारी? आता काय, भाकरी थापायला आलीस?”

“थापीन.”

“थाप तर मग. पीठ डब्यात हाय. आणि पातळ थाप, माझे दात राहिले नाहीत.”

मी तेरा दिवस तिच्या घरी गेले. सकाळी नळावर तिची पाळी धरली, हंडे भरले, भाकऱ्या थापल्या, नातवाला न्हाऊ घातले. पहिले चार दिवस ती मला सतत टाकून बोले. भाकरी जाड, आमटी पाणचट, केर अर्धा. सहाव्या दिवशी तिने विचारले, की तू नेमके काय जाळत होतीस. मी सांगितले. सगळे सांगितले, सोनाबाईपासून. ती ऐकताना पोटावरचा बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरून बसली होती. तिच्या खोलीत एकच खिडकी होती आणि तीमधून आमच्या संस्थेची गच्ची दिसे. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, की आमच्या गावाकडेही राब लावायचे, आणि त्या रविवारी वास प्रथम नाकात शिरला तेव्हा तिला क्षणभर बरे वाटले होते, माहेर आले असे वाटले होते. भीती नंतर आली, लोक धावले म्हणून. मी भांडी घासू लागले. पाण्याचा, राखेचा आणि भिजल्या भिंतीचा वास होता. मला वाटले, मी या खोलीत फार वर्षे राहते आहे, आणि कडाव मला कुणी तरी सांगितलेले गाव आहे.

अकराव्या दिवशी सकाळी मी तिचे पीठ मळत असताना कोंडीबाई खिडकीशी उभी होती. ती म्हणाली, गच्चीवर तुझा तो शिपाई हात हलवतो आहे. मी पिठाच्या हातांनी रस्ता ओलांडून धावत गेले. चौकटीत पाच सुया उभ्या होत्या, टोकाला किंचित काळपट. पोपट उकिडवा बसून त्यांच्याकडे असा पाहत होता, की जणू आवाज केला तर त्या परत मातीत जातील. संध्याकाळपर्यंत सहावी उगवली, दुसऱ्या दिवशी सातवी. बाकीचे चौदा दाणे उठले नाहीत. प्राध्यापक वर आले. ते गुडघ्यांवर बसले, इस्त्रीच्या विजारीसकट, आणि सातही रोपे त्यांनी बोटाने न शिवता मोजली. त्यांनी खिशातून वही काढली, आडवी रेघ ओढलेले पान शोधले आणि पेन्सिल माझ्याकडे न पाहता सरसावली.

“खाली काय, वर काय, किती वेळ जाळले, ते क्रमाने सांगा,” ते म्हणाले. “सावकाश सांगा.”

माझ्या पदवीचा विषय तिथे, त्या गच्चीवर ठरला. पिकलेल्या दाण्यांतले बाटलीत होते तेवढे संस्थेला आणि बाकीचे मला, असे त्यांनी स्वतःच लिहून दिले. चव्वेचाळीसच्या दिवाळीत सात रोपांचे दाणे मुठीत मावले. पंचेचाळीसात आईने ते कोपऱ्यातल्या खाचरात, पहाटे चारी दिशांना स्वतः हाक देऊन भाजलेल्या राबात पेरले. त्या वर्षीचे जवळजवळ सगळे पुन्हा पेरण्यात गेले. सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात मी सुटी घेऊन घरी आले तेव्हा कोठीत काळ्या कुसळांची रास होती, आणि आईने तिच्याकडे बोट दाखवून, बघ, एवढेच म्हटले.

आम्ही दोघी ते टोपलीत, आळीपाळीने डोक्यावर घेऊन वाडीत गेलो. आईने पाच पायल्या मोजून घेतल्या होत्या आणि वर एक सहावी, घराला शोभेल अशी. चिमा कधीच गेली होती. तिची नात ठकी अंगणात बसली होती, पन्नाशीच्या पुढची, ताठ कण्याची. आईने टोपली तिच्यासमोर ठेवली आणि सोनाबाईचे नाव घेतले. ठकी उठली नाही. तिने एक दाणा उचलून कुसळ बोटावर ओढले, दाणा दातांखाली फोडला आणि बराच वेळ चघळत राहिली. वाडीतल्या बायका हळूहळू जमल्या. मग ठकीने आतून आपले माप आणले. आमचे माप तिने पाहिलेही नाही. ती भरू लागली, तळहाताने काठ सपाट करत, एक, दोन, तीन, चार, पाच, प्रत्येक माप सुपात ओतून. पाचव्यानंतर तिने टोपली पायाने आमच्याकडे सरकवली.

आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे की गं ठके. किती वर्सं झाली त्याला.”

“वर्सांचं माप नसतं, विमलबाय,” ठकी म्हणाली. “आमचं पाच व्हतं. पाच आलं. फिटलं.”

आईने मान खाली घातली. तिला असे कोणी परतवलेले मी कधी पाहिले नव्हते, आणि ती दुखावली आहे की हलकी झाली आहे, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही. तिने टोपली डोक्यावर घेतली. उतारावरून ती माझ्यापुढे चालत होती, नेहमीपेक्षा सावकाश, एका हाताने टोपलीचा काठ धरून. तिच्यातल्या त्या एका पायलीचे काय करायचे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत प्रथमच आमच्या घरी असे भात येत होते, जे कोणाचेही देणे नव्हते.